हात चालले तेवढेच तास

गल्लीत बांबू येऊन पडलेत. गेल्या आठवड्यात सायकल-व्हॅनवरून आले, ओले, हिरवट-पिवळे, काहींच्या टोकाला अजून पानं होती. उतरवणाऱ्यांनी ते आमच्या इमारतीच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि समोरच्या टपरीवर मातीच्या भांड्यातून चहा पीत बसले. आता महिना-दीड महिना ठोकाठोक चालेल, दारात काथ्याची भेंडोळी पडलेली असतील आणि आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर हळूहळू दुर्गापूजेचा मांडव उभा राहील. कोलकात्यातल्या डमडमच्या या गल्लीतली माणसं बांबू दिसले की खुलतात. जिन्यात भेटणारा एरवीचा तुसडा शेजारीसुद्धा थांबून चौकशी करतो. मला मात्र बांबू दिसले की परीक्षेचा धसका बसतो, दहावीच्या मुलांना मार्च लागला की बसतो तसा. माझं वय सदतीस आहे आणि मुलगी दुसरीत जाते, तरी बसतो.

त्यात यंदा बांबूंच्या मागोमाग मेलही आली. आपल्या प्रमाणपत्राची मुदत संपत आहे, ते चालू ठेवायचं असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. संगणकांची जाळी विणणाऱ्या, म्हणजे नेटवर्किंगवाल्या माणसाचं ज्ञान तीन वर्षांत नासतं असं कंपन्यांनी ठरवलंय, आणि ते फारसं खोटंही नाही. डॉक्टर एकदा झाला की मरेपर्यंत डॉक्टर. आम्ही दर तीन वर्षांनी पुन्हा उमेदवार.

मेल वाचली, माळ्यावर चढलो आणि एक खोका खाली काढला. तीन वर्षं तो तिथेच होता. त्यावर निळ्या पेनाने, ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'राउटर ३, स्विच २, लॅपटॉप १. जपून.' ते अक्षर वसुधाताईंचं आहे. खोका उघडायला मला आणखी दोन दिवस लागले.

वसुधाताई भेटल्या त्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात. कोलकात्यातली आम्ही मराठी माणसं वर्षातून चार-पाच वेळा एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. कोणी बँकेतले, कोणी सरकारी, कोणी माझ्यासारखे आयटीतले. निम्म्यांच्या बदल्या ठरलेल्या असतात, त्यामुळे दरवर्षी निम्मे चेहरे नवे. त्या दिवशी मुलांचा नाच गावाकडच्या आजी-आजोबांना थेट दिसावा म्हणून कोणीतरी कॅमेरा लावला होता आणि ऐन वेळी नेट गेलं. मी व्यावसायिक माणूस म्हणून पुढे झालो आणि लॅपटॉपवर दहा मिनिटं भराभर काहीबाही टाइप केलं. तेवढ्यात श्रीखंड वाढणाऱ्या एक बाई वाडगा हातात घेऊनच आल्या, भिंतीतून आलेली केबल दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, हिचं टोक मोडलंय. तू आत काय शोधतोयस?" नवं टोक बसवायला त्यांना दोन मिनिटं लागली. मग हात धुऊन त्या पुन्हा श्रीखंड वाढायला गेल्या.

त्यांचे यजमान बँकेत. दर तीन वर्षांनी नवं गाव. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी स्वतः एका मोठ्या कंपनीत हेच काम केलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मग मुलगा झाला, बदल्या सुरू झाल्या, सासूबाई राहायला आल्या आणि नोकरी सुटली. सात वर्षं झाली होती. मुलाखतीला गेलं की तिशीतली पोरं विचारायची, मॅडम, या सात वर्षांत तुम्ही काय केलंत? "काय सांगणार त्यांना," त्या मला म्हणाल्या होत्या, "पोळ्या केल्या म्हणून?" त्यांना नेटवर्किंगमधल्या सर्वांत वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं होतं, कारण ते असलं की तो प्रश्न कोणी विचारत नाही. त्यातून पुढच्या उन्हाळ्यात यजमानांची बदली येणार हे नक्की. तेवढाच वेळ होता.

मलाही तीच परीक्षा द्यायची होती. साहेबांनी सांगितलं होतं की ती झाली की पुण्याच्या ऑफिसात जागा देऊ. माझी बायको केतकी पुण्याची. तिने त्या दिवसापासून कोथरूडमधल्या शाळांची माहिती काढायला घेतली.

परीक्षा बंगळुरूला, सलग आठ तासांची. समोर यंत्रं असतात, त्यांच्यातून कागदावर दिलेलं जाळं उभं करायचं, आणि मग परीक्षकांनी मुद्दाम घालून ठेवलेले दोष शोधून काढायचे. पाठांतराचा उपयोग नाही. हाताला सवय लागते.

म्हणून आम्ही चांदनी बाजारातून जुनी यंत्रं घेतली आणि ती ताईंच्या बागबाजारच्या घरी, चपलांच्या कपाटावर, मांडली. माझ्या घरी जागा नव्हती आणि त्यांच्याकडे ते एक लांबलचक, अंधारं, गार जिनाघर होतं. मी डमडमहून नेटवरून त्या यंत्रांत शिरायचो आणि सराव करायचो. पहिल्या रविवारी सगळं जोडून झाल्यावर ताईंनी बटाटेवडे केले होते. यजमान पेपर वाचत म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे ना, मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती जो खंदक खणला होता, तो इथूनच सुरू व्हायचा." ताई म्हणाल्या, "म्हणजे या शहराचा पहिला फायरवॉल. आणि बघा, मराठे आत बसून वडे खातायत." मी खूप हसलो होतो. त्या रविवारसारखा दुसरा रविवार मला या शहरात मिळालेला नाही.

त्याच दिवशी मी आणखी एक काम केलं. अभ्यासक्रमात एक भाग असा असतो की यंत्रात कोण शिरलं, किती वाजता शिरलं, किती वाजता बाहेर पडलं, याची नोंद आपोआप दुसऱ्या संगणकावर साठवायची. त्याला लॉग म्हणतात. मी ताईंच्या जुन्या लॅपटॉपवर ते लावून दिलं. प्रात्यक्षिक म्हणून दोघांनी एकेकदा आत-बाहेर करून पाहिलं, पडद्यावर ओळी उमटल्या. "आता घरात चोर शिरला तरी वेळेसकट कळेल," मी म्हणालो. "इथे कोण येतंय चोरायला," ताई म्हणाल्या. मग मी ते विसरून गेलो.

तासांचा तक्ता ही ताईंची कल्पना. एक ऑनलाइन शीट, दोघांनाही दिसणारी. तारीख, निखिल, वसुधा आणि शेरा, असे चार रकाने. रोज सकाळी आठच्या आत आपण किती वेळ बसलो ते लिहायचं आणि दुसऱ्याने शेरा द्यायचा. नियम त्यांनी एकच घातला. पुस्तक वाचलेलं धरायचं नाही, व्हिडिओ पाहिलेले धरायचे नाहीत. "यंत्रावर हात चालले तेवढेच तास," त्या म्हणाल्या. मी लगेच मान डोलावली, कारण मला तेव्हा वाटत होतं की माझे तास त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त भरतील.

आषाढ-श्रावण बरे गेले. इथे पहाटे पाचला लख्ख उजाडतं. पुण्यात ज्या वेळी दूधवालासुद्धा आलेला नसतो त्या वेळी इथे मासळीवाला गल्लीतून ओरडत जातो. मी साडेपाचला बसायचो आणि साडेसातला उठायचो. ताई त्यांच्या सवडीने बसायच्या. त्यांच्या रकान्यात पन्नास मिनिटं, तास, कधी पस्तीस मिनिटं असायची आणि कंसात कारण. सासूबाईंना दवाखान्यात नेलं. गॅसवाला आला. मुलाचा डबा. मी शेऱ्यात लिहायचो, 'होईल, ताई.' आता ते वाचलं की मला माझ्याच श्रीमुखात द्यावीशी वाटते. माझ्या घरी गॅसवाला आला तर दार केतकी उघडायची, आणि मी इकडे मोठ्या मनाने 'होईल' म्हणत होतो.

मग भाद्रपद आला. इथला भाद्रपद ज्याने काढलाय त्यालाच तो कळेल. पाऊस थकलेला असतो, पण जात नाही. हवा जागची हलत नाही. भिंती ओलसर, गादी ओलसर, वहीची पानं एकमेकांना चिकटलेली, आणि सकाळी सहालाच बनियन पाठीला लागलेलं. त्यात खिडकीखाली बांबू येऊन पडलेले. ऑफिसात कामं वाढली होती, मुलगी आजारी पडून उठली होती. एके दिवशी मी जेमतेम पंचवीस मिनिटं बसलो. तक्ता उघडला, तर ताईंच्या रकान्यात चाळीस होते, सकाळी पाहुणे असून. मला ते चाळीस बोचले. नोकरी माझी, वय माझं, हुरूप माझा, आणि जास्त मिनिटं त्यांची? मी लिहिलं, 'दोन तास.' संध्याकाळी भरून काढू, म्हणजे ते खोटं ठरणार नाही, असा हिशेब होता. संध्याकाळी मी काही बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेऱ्यात ताईंचा एकच शब्द होता. 'शाब्बास.'

त्या एका शब्दाने मला किती बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते. दिवसभर ऑफिसात मी दोन तास बसलेल्या माणसाच्या तोऱ्यात वावरलो. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'दोन तास' लिहिलं, कारण एकदा दोन लिहिल्यावर पंचवीस मिनिटांवर कसं यायचं? पुढे अडीच झाले. एकदा सव्वातीन. मी सव्वातीन असं लिहायचो, नुसतं तीन नाही, म्हणजे घड्याळ लावून बसल्यासारखं दिसावं. खोटं बोलणाऱ्याचं गणित फार चोख असतं.

'मोटिव्हेशन' हा शब्द मला आता ऐकवत नाही. त्या दीड महिन्यात मी त्याच्यावर जेवढे व्हिडिओ पाहिले तेवढे तास यंत्रावर बसलो असतो तर परीक्षा दोनदा पास झालो असतो. कोणी सांगायचं पहाटे चारला गार पाण्याने आंघोळ करा. कोणी सांगायचं ध्येयाचं चित्र डोळ्यांसमोर लावा. केतकीने फ्रिजवर पुण्याच्या नकाशाचा तुकडा चिकटवला होता, आमची शाळा, आमची बाग, आमचं घर अशा खुणा करून. मी दार लावून घ्यायचो आणि बाहेर केतकी मुलीला दटावायची, "हळू. बाबा अभ्यासाला बसलाय." ती चार वर्षांची पोर चवड्यांवर चालत दारावरून जायची. आत बाबा, जे लोक पास झालेत त्यांनी लिहिलेल्या यशोगाथा वाचत बसलेला असायचा. इरा अजूनही माझ्या खोलीवरून जाताना चवड्यांवर चालते. आता कोणी सांगत नाही, तिच्या पायाला सवय लागलीय.

गोष्ट अशी असते की कामाचा उत्साह आणि काम झाल्याचा उत्साह यांची चव सारखीच लागते. पहिला मिळवायला बसावं लागतं, दुसरा नुसता आकडा लिहून मिळतो. मी दुसऱ्याची सवय लावून घेतली. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग होत नाही, हेही कळत होतं.

गणपतीत हॉलवर आरतीनंतर ताई भेटल्या. प्रसादाचा द्रोण माझ्या हातात देत म्हणाल्या, "आज किती?" मी म्हणालो, "दोन झाले." मागे मूर्तीसमोर कापूर अजून जळत होता. ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. नेहमीपेक्षा क्षणभर जास्त. मग म्हणाल्या, "शाब्बास. मोदक घे आणखी एक." मी घेतला आणि खाल्लासुद्धा.

बांबू वाढत गेले. आमच्या खिडकीसमोर आधी खांब आले, मग आडव्या पट्ट्या, मग एके दिवशी खिडकीच्या उंचीवर एक माणूस पाय दुमडून बसून दोरी आवळताना दिसला. तो मला पाहायचा, मी त्याला. त्याचे हात सतत चालत असायचे. माझे थांबलेले असले की मी उगाच दोन बटणं दाबायचो. ऑफिसातून येताना रुळांच्या कडेला काश गवताची पांढरी फुलं डोलायला लागली होती आणि सगळे त्यांचे फोटो काढत होते. मला तो रंग पाहून नुसती धास्ती वाटायची, की आश्विन आला आणि मी अजून पहिल्या धड्यात आहे.

महालयाच्या, म्हणजे सर्वपित्रीच्या पहाटे इथे सगळी गल्ली जागी असते. चारला घराघरांत रेडिओवर चंडीपाठ लागतो, एकच आवाज खिडक्या-खिडक्यांतून येत राहतो. मीही उठलो होतो. आठच्या सुमारास तक्ता उघडला आणि ताईंच्या रकान्यात पाहिलं, 'तीन तास दहा मिनिटं.' कंसात काही नव्हतं. मला आधी जराशी असूया वाटली आणि मग खरंच आनंद झाला. मनापासून झाला, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी ताबडतोब लिहिलं, 'शाब्बास, ताई!!' दोन उद्गारचिन्हं दिली.

त्यानंतर त्यांचा रकाना रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पूजेच्या चारही दिवशी. वाटलं, सण आहे. पूजेनंतर फोन केला तर म्हणाल्या, "नाही रे, माझ्याने होणार नाही. तू कर. यंत्रं इथेच आहेत, वापर हवी तेव्हा." मी दोन-तीनदा आग्रह केला. चौथ्यांदा केला नाही, कारण आग्रह करताना माझ्या मनात एक उत्तर तयार झालं होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. माझे दोन-दोन, तीन-तीन तास रोज समोर बघून ती बाई खचली. स्वतःची चाळीस मिनिटं तिला कमी वाटायला लागली. एक दिवस ईर्षेने तीन तास बसली, आणि तिला कळलं की हे रोज जमणार नाही.

हे ओझं मी चार वर्षं वाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या ओझ्याला थोडी ऊबही होती. आपल्या खोट्याने का होईना, कोणीतरी दबून गेलं. एवढे मोठे दिसत होतो आपण.

त्यांनी अभ्यास सोडल्यावर गंमत अशी झाली की मी खरोखर बसायला लागलो. तास लिहून दाखवायला कोणी उरलं नाही, तेव्हा तास आपोआप भरले. पण त्यांच्या यंत्रांवर जायचं धाडस झालं नाही, ऑफिसने भाड्याने घेतलेली वापरली. पुढच्या मे महिन्यात यजमानांची बदली अकोल्याला झाली. सामान बांधताना त्यांनी मला बोलावलं. चपलांच्या कपाटावरचं सगळं त्यांनी खोक्यात भरून ठेवलं होतं. प्रत्येक केबल गोल गुंडाळून, कोणती कुठे लागते त्याची चिठ्ठी लावून. "लॅपटॉपही ने," म्हणाल्या. "सगळं आहे त्यात." मी बरं म्हणालो. टॅक्सीत खोका मांडीवर घेऊन बसलो होतो आणि श्यामबाजारच्या चौकात सिग्नलला रडलो होतो, उगाच, थोडंसं.

परीक्षा मी पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. पुण्याची जागा तेवढ्यात दुसऱ्या कोणाला दिली होती, आणि साहेब म्हणाले, आता तुझ्यासारखा माणूस कोलकात्यातून हलवणं आम्हाला परवडणार नाही. फ्रिजवरचा नकाशा बरेच दिवस तसाच होता. मग त्याच्या कडा वळल्या आणि केतकीने तो काढला. इरा आता बंगालीत आकडे मोजते आणि मराठीत भांडते.

वसुधाताई अकोल्याला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. सात वर्षांची आता अकरा झाली.

काल सकाळी मी शेवटी यंत्रं मांडली. चिठ्ठ्या वाचत केबली लावल्या, एकही चुकली नाही. जुना लॅपटॉप चालू व्हायला बराच वेळ लागला. पडद्यावर एकच फाइल होती. ती उघडली आणि ओळींमागून ओळी खाली सरकायला लागल्या. निखिल आत, ६.०२. निखिल बाहेर, ६.२९. निखिल आत, ६.१०. बाहेर, ६.३१. तारीखवार, मिनिटामिनिटाचं. भाद्रपदातला माझा प्रत्येक दिवस तिथे होता, त्याच्या खऱ्या लांबीचा. नोंद ठेवायला मीच सांगितलं होतं, त्या वड्यांच्या रविवारी, स्वतःच्या हाताने.

नेटवर्कवाल्या माणसाने नेटवर्कवाल्या माणसाला खोटे तास सांगावेत, तेही तिच्याच घरातल्या यंत्रांवरचे. यापेक्षा मोठा गाढवपणा मला तरी माहीत नाही.

आज सकाळी मी पुन्हा यंत्रात शिरलो. सरावाला. लॅपटॉपवर ओळ उमटली, निखिल आत, ६.४०. हात चालेना. सात वाजत आले तेव्हा मी अकोल्याला फोन लावला.

"बोल रे," ताई म्हणाल्या. "इतक्या सकाळी?"

"ताई, एक सांगायचं होतं. ते तास, त्या वर्षीचे. मी खोटे लिहायचो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईंनी गॅस बारीक केला असावा, मग त्या म्हणाल्या, "हो, माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अरे, तूच नाही का लावून दिलं होतंस? लॅपटॉप चपलांच्या कपाटावर उघडाच असायचा. दूध घ्यायला गेले की दिसायचं, सहाला आलास, साडेसहाला गेलास."

"मग शाब्बास कशाला लिहायचात?"

"वाटायचं, शाब्बास म्हटलं की लाज वाटेल आणि बसशील. मुलांच्या बाबतीत होतं तसं कधीकधी."

मी म्हणालो, "मला वाटत होतं, माझे तास बघून तुम्ही सोडलंत."

"तुझे तास बघून?" त्या हसल्या. "तुझे खरे तास बघून तर मला धीर यायचा. म्हटलं, नोकरीतल्या पोरालाही अर्धाच तास जमतोय, मग माझे चाळीस काही वाईट नाहीत."

"मग का सोडलंत?"

मागे कोणीतरी त्यांना हाक मारली, त्या "आले" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "महालयाला मी तीन तास दहा मिनिटं लिहिले होते. आठवतंय?"

"आठवतंय."

"पस्तीस मिनिटं झाली होती. सासूबाईंचं औषध, मग पाणी गेलं, तेच रोजचं. का लिहिलं कोण जाणे. तू लिहितोस तर एकदा आपणही लिहून बघावं, असं आलं मनात. मला वाटलं तू लॉग बघशील आणि पकडशील मला. तर तुझं लगेच शाब्बास आलं, दोन उद्गारचिन्हं देऊन." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मुलांना उदाहरण सोडवून दाखवावं तसा. "इतकं बरं वाटलं रे ते वाचून. दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी मी म्हटलं, हे आता रोज होणार. म्हणून बंद केलं."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. खाली माणसं बांबू निवडून बाजूला काढत होती, लांब एकीकडे, आखूड एकीकडे.

"मला तेव्हाच विचारायचं होतंत, ताई," मी म्हणालो. "भांडायचं होतंत."

"तू सांगशील म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. "गणपतीत विचारलं होतं तुला. जाऊ दे आता. मला क्लासला निघायचंय. तुझी यंदा पुन्हा परीक्षा असेल ना? तीन वर्षं झाली."

"हो."

"बसतोस ना रोज? किती होतात?"

लॅपटॉपवर ती ओळ तशीच होती, निखिल आत, ६.४०. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि त्या पंचवीस मिनिटांत मी एकही बटण दाबलेलं नव्हतं.

"दोनेक तास होतात," मी म्हणालो.

"शाब्बास," ताई म्हणाल्या.